सोंडाई फोर्जमधली गहाळ रात्र

१. सहा पडदे काळे

वजनकाट्यावर पहिला ट्रक चढला आणि काट्यानं आकडाच दाखवला नाही, तेव्हा साजगावच्या सोंडाई फोर्ज कंपनीत कुणी फारसं मनावर घेतलं नाही. काटा रुसतो कधीमधी. पण पाठोपाठ फाटकावरचा संगणक गेला, मग स्टोअरचा, मग हिशेबाचा, मग माल-तपासणीचा, आणि शेवटी कॅमेऱ्यांचे पडदे काळे झाले, तेव्हा मात्र प्रवीण भोईरच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण ही सहा यंत्रं बाहेरून सहा दिसत असली, तरी राहत होती एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात. एका छपराखाली सहा बिऱ्हाडं नांदावीत, तशी. ही सगळी मांडणी प्रवीणनंच केलेली. आता छप्परच बसलं म्हटल्यावर सहाही बिऱ्हाडं रस्त्यावर आली, आणि फाटकापाशी पुलाच्या बोल्टांनी भरलेले ट्रक एकामागोमाग एक तटून राहिले.

प्रवीणनं सर्व्हर उघडून बघितला. पडद्यावर एकच रड होती: सिस्टीम डिस्कवर जागा शिल्लक नाही.

बिऱ्हाडांचा माल ठेवायला मोठ्या डिस्क वेगळ्या होत्या, त्या धडधाकट होत्या. भरली होती ती सर्व्हरची स्वतःची छोटी डिस्क. ती म्हणजे घराची पडवी. सगळ्यांची ये-जा तिथूनच. पडवी छतापर्यंत भरली की आतली दारं उघडायची कशी?

"डिस्क आपोआप भरत नाही, प्रवीण. कुणीतरी भरतं." मागून आवाज आला. कंपनीच्या मॅनेजर सुरभी मॅडम दारात उभ्या होत्या. शांत बाई, पण आज त्यांच्या शांतपणाला धार होती.

"मॅडम, मला खरंच कळत नाहीय. कचरा काढला, थोडा श्वास घेतला मशीननं, परत गुदमरलं."

"मला मात्र कळतंय. तुला कायम करायचं आम्ही गेल्या आठवड्यात पुढं ढकललं. तू रागावलास. या खोलीची किल्ली तुझ्याकडे, पासवर्ड तुझ्याकडे. आणि नेमका आज, माल बंदरावर जायच्या दिवशी, सगळा कारभार ठप्प."

"मी मुद्दाम केलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाही. मला कारण हवंय. आज उजेड आहे तोवर गाड्या निघाल्या पाहिजेत, आणि हे कशानं झालं, कुणी केलं, ते माझ्यासमोर आलं पाहिजे. नाहीतर मी पोलिसांत लेखी देणार. तुझ्या नावानं."

मॅडम निघून गेल्या. नोकऱ्यांचं काय, एक गेली की दुसरी मिळते. पण कर्जत-खोपोलीचा हा टापू एवढासा. इकडे शिंकलं की तिकडे कळतं. भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये ज्याच्या बापानं उभा जन्म टर्बाईनची सेवा केली, त्याचा पोरगा स्वतःच्या कंपनीचा घात करून गेला, असं म्हणतील लोक. बाप तर ऐकूनच खचेल.

त्यानं फोन उचलला आणि खालापूरला लावला.

२. बेरीज जुळेना

खालापुरात तहसील कचेरीच्या समोरच्या गल्लीत सिद्रा मुकादमचं दुकान होतं. बंद पडलेले सर्व्हर हा तिचा धंदा आणि तीच तिची चैन. दुसऱ्याचं संकट ऐकून खूश होणारी माणसं वाईट असतात म्हणतात. सिद्रा तेवढी त्याला अपवाद.

"भरलीय? कशानं?" तिनं फोनवर विचारलं.

"तेच तर सापडत नाही."

"वा! आलेच."

"वा काय, सिद्राताई! माझी अब्रू चाललीय इथं."

"म्हणून तर पटकन येते." आणि खरोखरच, टोलनाक्याजवळची गर्दी कशी चुकवली देव जाणे, पण प्रवीणनं ओतलेला चहा कोमट व्हायच्या आत तिची स्कूटर कंपनीच्या आवारात शिरली.

सर्व्हरच्या खोलीच्या दारावर प्रवीणनं मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: 'चपला बाहेर. खाणंपिणं बाहेर. मी नसताना कुणीही आत येऊ नये.' धूळ म्हणजे प्रवीणचा सात जन्मांचा वैरी. रोज सकाळी तो फडकं घेऊन एकेक खाच पुसायचा. सिद्रानं पाटी वाचली, हसली, चपला काढल्या आणि खुर्ची ओढून बसली.

"आता गंमत बघ," ती म्हणाली. "डिस्कला विचारलं, किती भरलीस? ती म्हणते, काठोकाठ. बरं, आता तिच्यातले सगळे कप्पे एकेक करून मोजू." तिची बोटं चालत राहिली. पडद्यावर आकडे सरकत गेले. मग ती थांबली आणि टाळी वाजवून म्हणाली, "बेरीज निम्म्याच्याही खाली!"

"म्हणजे डिस्क खोटं बोलतेय?"

"तिला खोटं बोलून काय मिळणार? तिला थोडंच कायम व्हायचंय?"

प्रवीणला हसू आलं नाही. सिद्रानं ते ओळखलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, कधीकधी फेकून दिलेली फाईल एखादा प्रोग्रॅम हातात घट्ट धरून बसतो, तेव्हा असं होतं. ते मी तपासलं. तसं नाही. म्हणजे डिस्कवर काहीतरी मोठं धूड बसलंय, आणि ते आपल्याला दिसत नाहीय."

तिची नजर सर्व्हरच्या शेजारी ठेवलेल्या छोट्या काळ्या डबीकडे गेली. वहीएवढी डिस्क; एका वायरीनं सर्व्हरला जोडलेली.

"ही बॅकअपची," प्रवीण म्हणाला. "रोज रात्री सहाही मशीनची नक्कल हिच्यावर जाते. हिची नेमलेली जागा आहे. वायर जोडली की ती आपोआप त्या जागेवर येऊन बसते, तशी सोय केलीय मी."

सिद्रानं डबी हातात न घेता तिच्याजवळ डोकं नेलं. भिंतीकडच्या, फडकं न पोचणाऱ्या कडेला पिवळट तांबूस डाग होता.

"गंज असेल," म्हणत प्रवीणनं सवयीनं फडकं उचललं.

"पुसू नकोस!" सिद्रा जवळजवळ ओरडलीच. "आत्ता नको."

मग तिनं बॅकअपच्या नकला उघडल्या. रोजची एक, ओळीनं मांडलेल्या. ती खालून वर बघत गेली आणि एका ठिकाणी बोट ठेवून थांबली.

"इथली कुठे गेली?"

प्रवीण वाकला. एक रात्र गहाळ होती. आधीच्या रात्रीची नक्कल होती, नंतरच्या रात्रीची होती. मधली नव्हती.

"खंडेनवमी," तो पुटपुटला. "पण त्या रात्रीचा निरोप आला होता मला मोबाईलवर. नक्कल पूर्ण झाली म्हणून."

सिद्राच्या डोळ्यांत दिवाळी अजून चार दिवस लांब असताना भुईनळे पेटले. "म्हणजे नक्कल झाली, ठेवली, आणि ठेवली तिथं ती नाही! प्रवीण, खंडेनवमीला तू होतास कुठे?"

"रजेवर. घरी."

"आणि लॅपटॉप?" दारातून प्रश्न आला. सुरभी मॅडम कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, दोघांनाही कळलं नव्हतं. "लॅपटॉप घरी नेला होतास ना? घरून या मशीनमध्ये शिरता येतं, हे तूच मला दाखवलं होतंस."

प्रवीणची मान खाली गेली. नेला होता.

३. काजूचा शिरा

रजा का घेतली, हे प्रवीणला सांगता येईना. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

खंडेनवमीला कंपनीत सगळी हत्यारं पूजेला मांडतात. हातोडे, पाने, सांडश्या, मोजपट्ट्या, झाडून सगळं घासूनपुसून पाटावर. ज्याचं त्याचं हत्यार, त्याच्यावर त्याचं हळदकुंकू. गेल्या वर्षी प्रवीणही गेला होता. सगळे आपापल्या हत्याराशी बसलेले आणि हा दाराशी हात बांधून उभा. कुणीतरी म्हणालं, "याचं काय मांडायचं, बोटं?" आणि सगळे हसले. तोही हसला. पण ते हसू त्याला घरी गेल्यावर बोचलं. बापाच्या हातात पाना असायचा. आपल्या हातात काय? बटणं. म्हणून यंदा त्यानं रजा टाकली आणि दिवसभर भिवपुरीच्या घरात सतरंजीवर पडून राहिला. हे मॅडमना काय सांगणार, कपाळ?

"मॅडम, मला थोडा वेळ द्या," सिद्रा मध्ये पडली. "या खोलीला दुसरी किल्ली आहे का?"

"हिशेबातल्या जागृतीकडे. आग वगैरे लागली तर असावी म्हणून. पण ती कुणाला देत नाही. मी सक्त ताकीद दिलीय, दार उघडलं तर नोकरी जाईल म्हणून."

जागृती आली ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. सिद्रानं तिला बसवलं आणि भलताच प्रश्न केला.

"खंडेनवमीला जेवायला काय होतं गं?"

प्रवीणला वाटलं, बाईला भूक लागली. पण सिद्राची ही रीतच होती. माणसं तारीख विसरतात, वेळ विसरतात, पण ताटात काय पडलं ते विसरत नाहीत.

"डबा नेहमीचाच," जागृती म्हणाली. "प्रसादाचा शिरा तेवढा वेगळा. काजू एवढे घातलेले यंदा, की शिऱ्यात काजू का काजूंत शिरा, कळत नव्हतं."

"गरम होता?"

"चटका बसला जिभेला!"

"आणि या खोलीत कुणी आलं होतं त्या दिवशी?"

"नाही हो. मी तर दुपारीच घरी गेले. किल्ली माझ्या पर्समध्ये." एवढं बोलून जागृती उठली. जाताना तिनं त्या काळ्या डबीकडे एकदा बघितलं, आणि चटकन नजर काढून घेतली.

"संपलं?" प्रवीण कळवळून म्हणाला. "शिऱ्याचं विचारून काय मिळालं?"

"अजून काही नाही," सिद्रा म्हणाली. "शिरा कधी वाटला, ते विचारायचं राहिलंय. प्रवीण, त्या दिवशी बाहेरचं कुणी आलं होतं का?"

प्रवीणनं मोबाईल चाळला आणि सरळ होऊन बसला. "आला होता. कॅमेरेवाला मकसूद. त्याचं चित्रण याच सर्व्हरवर साठतं! सिद्राताई, त्यानंच चुकून सिस्टीम डिस्कवर ओतलं असणार!"

४. दोन रिकामी भोकं

मकसूदभाई जवळच होता. टेंपोत शिडी टाकून तो ताबडतोब हजर झाला. साजगावपासून चौकपर्यंत निम्म्या कंपन्यांचे कॅमेरे त्याच्या हातचे. आल्या आल्या त्यानं दोन्ही हात वर केले.

"देखो, आपलं रेकॉर्डिंग आपल्या डिस्कवर. बघून घ्या. एक कण बी इकडंतिकडं नाय."

सिद्रानं बघितलं. खरंच होतं. चित्रण जिथल्या तिथं, मापातलं माप. प्रवीणची आशा जशी पेटली तशी विझली.

"मकसूदभाई, त्या दिवशी शिरा खाल्लात का?"

"खाल्ला ना! मस्त होता."

"कधी वाटला?"

"दिवेलागणीला. पूजा संध्याकाळी झाली, मग वाटला. मशीन बंद होत्या म्हणून तर मी शिडी लावायला त्या दिवशी आलो. गरमागरम द्रोण हातात घेऊन वर चढलो होतो."

सिद्रानं प्रवीणकडे भुवई उडवली. दिवेलागणीचा शिरा! आणि दुपारी घरी गेलेल्या जागृतीच्या जिभेला चटका!

"या खोलीत आला होतात?"

मकसूद चुळबुळला. पाटीकडे बघितलं, मग प्रवीणकडे. "आता खरं सांगतो, रागावू नको हां प्रवीण. मोबाईल मेला होता माझा. जागृती मॅडमनी पाच मिनटं दार उघडून दिलं. मी मशीनच्या मागं मोबाईल चार्जिंगला लावला. पण काय काढलं नाय मी, कसम! दोन भोकं होती, दोन्ही रिकामी, एकात लावला."

"दोन्ही रिकामी?" सिद्रा उभी राहिली. "नीट आठवा."

"दोन्ही. म्हणून तर लावला. भरलेलं असतं तर मी कशाला हात लावतो?"

प्रवीणनं मशीनमागं वाकून बघितलं. त्या दोन भोकांपैकी एकात बॅकअपच्या डिस्कची वायर असते. कायम असते. ती जर तिथं नव्हती, तर डिस्क त्या संध्याकाळी कुठं होती?

तेवढ्यात बाहेरून हुंदका ऐकू आला. जागृती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती.

"मी सांगते," ती रडतरडत आत आली. "पण मॅडम, माझी नोकरी घेऊ नका. मकसूदभाईंच्या आधी पण एकदा उघडलं होतं मी दार. ती डिस्क... ती डिस्क पोपटकाकांनी नेली."

५. पोपटकाका

पोपटकाका! प्रवीणच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात राग होता.

पोपटकाका म्हणजे स्टोअरचे जुने जाणते. कुठल्या घमेल्यात कुठला बोल्ट, हे त्यांना तोंडपाठ. प्रवीणचा सर्व्हर आला आणि प्रत्येक बोल्टाला आकड्यांचं नाव चिकटलं. तेव्हापासून काका संगणकाकडे पाठ करून बसत. दसऱ्यानंतरच्याच आठवड्यात दोघांची भर कँटीनमध्ये जुंपली होती. "एक दिस तुजं मशीन आडवं पडंल, तवा माज्याकडंच येशील," असं काका सगळ्यांसमोर म्हणाले होते. आज ते आडवं पडलं होतं. आणखी पुरावा काय हवा?

सुरभी मॅडमनी काकांना बोलावलं. काका आले, चपला दाराबाहेर काढल्या, पाटी वाचल्यासारखं केलं आणि आत येऊन उभे राहिले.

"काका, खंडेनवमीला या खोलीतली डिस्क तुम्ही नेलीत?"

जागृतीनं डोळे मिटून घेतले. काकांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हय. नेली मी."

"का, काका?" प्रवीणचा आवाज फाटला. "माझ्यावर राग होता तर मला दोन द्यायच्या होत्या! मशीनवर कशाला काढलात? माझ्या नावानं पोलिसांत जायची वेळ आलीय, कळतंय का तुम्हाला?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. काहीच न कळल्यासारखा गोंधळ होता.

"पोलिस? कशापायी पोलिस? म्या तर दुसऱ्या दिशी जागृतीकडनं दार उघडून घेऊन जागच्या जागी आणून लावली. वायर बी तीच, भोक बी तेच."

"दुसऱ्या दिवशी कधी, काका?" सिद्रानं हळूच विचारलं. तिचे डोळे चमकत होते.

"दसऱ्याला. उत्तरपूजा झाली, मंग उचलली. त्याच्या आदी कसा उचलीन?"

सिद्रानं दोन्ही हात जोरात चोळले. "सुटलं!" ती म्हणाली. "मॅडम, सगळं सुटलं. आणि ते धूड कुठं दडलंय, तेही मला कळलं. कुणी कुठं जाऊ नका."

६. टाकीखालचं पाणी

"आधी हे बघा," म्हणत सिद्रानं डिस्कच्या कडेचा तो डाग नखानं हलकेच खरवडला आणि बोट मॅडमच्या नाकाशी धरलं.

"हळद!" मॅडम म्हणाल्या.

"आणि कुंकू. आमच्या अब्बांचं गॅरेज होतं चौकला. तिथले हिरामण मेस्त्री खंडेनवमीला सगळे पाने मांडून ठेवायचे. एकदा रात्री एक गाडी बंद पडून आली. गिऱ्हाईक गयावया करत होतं. पण अब्बांनी पान्याला हात लावू दिला नाही. म्हणाले, मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, त्याची विश्रांती मोडते. मला तेव्हा ते कळलं नव्हतं. आज कामाला आलं."

"काका, तुम्ही डिस्क पूजेला नेलीत?" मॅडमचा आवाज बदलला.

काकांनी मान हलवली.

"म्हणजे बघा," सिद्रा आता थांबेना, "डिस्क घटकाभर नेऊन परत आणली असती तर काहीच झालं नसतं. पण ती रात्रभर पाटावर राहिली. आणि रोज रात्री सर्व्हर नक्कल काढतो. त्या रात्रीही काढली. समजा, गच्चीवर टाकी आहे आणि वर नळ. टाकी धुवायला खाली नेली, पण नळ आपल्या वेळेला सुरू झालाच. पाणी कुठं जाईल?"

"गच्चीवर," मकसूद म्हणाला.

"बरोबर! डिस्कची जागा तर होती, डिस्क नव्हती. नक्कल त्या रिकाम्या जागेत, म्हणजे थेट सिस्टीम डिस्कवर साचली. सर्व्हर म्हणाला, काम झालं, आणि प्रवीणला निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी काकांनी टाकी परत जागच्या जागी ठेवली. आता टाकीखाली साचलेलं पाणी दिसणार कुणाला? जागा अडलेली आहे, पण उघडून बघावं तर वर टाकी. राहिलेली थोडी जागा रोजच्या कामकाजाच्या नोंदी हळूहळू खात गेल्या, आणि आज संपली."

प्रवीण थक्क होऊन ऐकत होता. सकाळपासून तो याच डिस्कच्या शेजारी बसून सगळा सर्व्हर पालथा घालत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"बोलणं पुरे. दाखवा," मॅडम म्हणाल्या.

सिद्रानं सर्व्हरला सांगून डिस्क मोकळी केली. मग ती बाजूला झाली. "काका, त्या दिवशी काढली तशीच वायर काढा."

काकांनी हलक्या हातानं वायर ओढली. भोकातून काहीतरी केशरी चुरा खाली पडला. झेंडूच्या पाकळीचा.

"आता ही जागा रिकामी असायला हवी," सिद्रा म्हणाली. "प्रवीण, तूच उघड."

प्रवीणनं खुर्ची पुढं ओढली. त्यानं कळ दाबली.

जागा रिकामी नव्हती. तिथं सहाही बिऱ्हाडांची नक्कल ऐसपैस पसरून बसली होती, आणि तिच्यावर तारीख होती खंडेनवमीच्या रात्रीची.

"सापडली!" प्रवीण किंचाळलाच. मकसूदनं शिट्टी मारली. जागृती रडता रडता हसली. सिद्रानं ती नक्कल उचलून मोठ्या डिस्कवर हलवायला लावली, आणि पडद्यावरचा भरलेला पट्टा बघता बघता खाली उतरत गेला. मग एकेक बिऱ्हाड जागं झालं. कॅमेरे आले, स्टोअर आलं, हिशेब आला. आणि बाहेरून, वजनकाट्यापाशी, ट्रकवाल्यांचा एकदम ओरडा उठला. काट्यानं आकडा दाखवला होता.

ऊन अजून फाटकावर होतं. पहिला ट्रक कण्हत कुंथत वळला आणि बंदराच्या रस्त्याला लागला.

७. हत्यार

"चूक कुणाची म्हणायची मग?" मॅडमनी विचारलं. आता त्यांच्या आवाजातली धार गेली होती.

"थोडी माझीही," प्रवीण म्हणाला. त्याला ते म्हणायला जड गेलं नाही. "डिस्क जागेवर आहे का, हे बघूनच नक्कल काढ, असं सर्व्हरला सांगून ठेवता येतं. मी सांगितलं नव्हतं. डिस्क कधी जागची हलेल, असं मला वाटलंच नव्हतं."

"एका खुणेचं काम," सिद्रा म्हणाली आणि तिथल्या तिथं करून टाकलं.

मॅडम प्रवीणकडे वळल्या. "सकाळी मी तुला जे बोलले, ते मागे घेते. एकट्यात बोलले होते, पण चारचौघांत मागे घेते. कायम करायचा कागद उद्या पुढं पाठवते." मग जागृतीकडे बघून म्हणाल्या, "आणि तू रडणं थांबव. पण पुन्हा मला घाबरून खोटं बोलू नकोस."

एवढं सगळं झालं, तरी पोपटकाका जागचे हलले नव्हते. हातातली डिस्क त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असा चेहरा झाला होता त्यांचा.

प्रवीण त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. राग केव्हाच उतरला होता, पण एक कोडं राहिलंच होतं. सिद्राताईनं डिस्क कुठं गेली, कधी गेली, काय झालं, सगळं सांगितलं. का नेली, ते सांगितलं नव्हतं.

"काका, तुम्हाला तर माझ्या मशीनचा राग. मग ही डिस्क पूजेला कशाला नेलीत?"

काकांनी घसा साफ केला. "मशीनचा राग हाय. अजून बी हाय. त्या आकड्यांनी डोकं उठतं माजं." ते थोडे थांबले. "पन मागल्या साली तू दाराशी हुबा होतास रं. हात बांदून. सगल्यांची हत्यारं पाटावर, तुजंच नाय. येक जन कायतरी बोलला, सगली हसली. मी बी हसलो. घरी गेलो आन् गोड लागना मला. दिसभर राबतो पोर, त्याचं हत्यार मांडायला नको? यंदा बगतो तर तू नाय. मोठं मशीन उचलना. मंग जागृतीला म्हनलं, त्यातलं सुटं काय हाय ते दे. ती म्हनली ही डबी. घेऊन गेलो. माज्या हातोड्याच्या शेजारीच मांडली."

प्रवीणनं काकांच्या हातातल्या डबीकडे बघितलं.

"मला सांगितलं का नाहीत? दसऱ्यानंतर आपण भांडलो, तेव्हासुद्धा नाही?"

"सांगायची गोस्ट हाय का ती?" काका जवळजवळ चिडूनच म्हणाले आणि डिस्क त्याच्या हातात कोंबली. "घे. तुजी तू लाव. मला त्या वायरी कळत नाय."

प्रवीणनं डिस्क दोन्ही हातांत धरली. सकाळपासून ज्या वस्तूनं त्याला चोर ठरवलं होतं, ती कुणाच्या तरी हातोड्याच्या शेजारी एक रात्र मानानं बसली होती. ज्या दिवशी तो घरी तोंड लपवून पडला होता, नेमक्या त्याच दिवशी.

त्यानं वायर जोडली. डिस्कवरचा छोटा दिवा लागला. सिद्रानं टेबलावरचं फडकं उचलून त्याच्यापुढं धरलं.

"आता पुसायला हरकत नाही."

प्रवीणनं फडकं घेतलं, सर्व्हर पुसला, टेबल पुसलं, खाली पडलेला झेंडूचा चुरा मात्र चिमटीनं उचलून वरच्या खिशात टाकला. हळदीच्या डागाला त्यानं हात लावला नाही.

"काका," तो म्हणाला, "पुढच्या खंडेनवमीला मी रजा घेणार नाही."

"नगोच घेऊ," पोपटकाका दारात चपला घालता घालता म्हणाले. "आन् ती काय नक्कल हाय ती, आदल्या रातीलाच काढून ठेव."